सिल्वासातील घर आणि शेजार

नोकरी अथवा व्यवसायानिमित्त सिल्वासात जाणाऱ्या मराठी कुटुंबापुढे पगार आणि मुलांची शाळा यांच्या जोडीनेच घराचा प्रश्न उभा राहतो. आमलीच्या बाजूला जुन्या चाळींच्या लगत भाड्याची जागा पत्करावी, की लिफ्ट, वाहनतळ आणि फाटकावर पहारेकरी असलेल्या नव्या संकुलात कर्ज काढून सदनिका घ्यावी, हा पेच वरकरणी निव्वळ खाजगी दिसतो. वस्तुतः तो तसा नाही. अशी शेकडो कुटुंबे जो निर्णय घेतात, त्यातूनच एखाद्या शहराची कोणती आळी कोणासाठी उरणार हे ठरत असते.

लंडनमध्ये इस्लिंग्टनसारख्या कामगारवस्त्यांत मध्यमवर्ग शिरला, जुनी घरे डागडुजी होऊन महागली आणि मूळचे रहिवासी बाहेर पडले. या घडामोडीला रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ विदुषीने 1964 साली 'जेंट्रिफिकेशन' असे नाव दिले. आपण त्याला पांढरपेशीकरण म्हणावयास हरकत नाही. मात्र लंडनचे चित्र सिल्वासावर जसेच्या तसे बसत नाही. तेथे महागली ती घरे. येथे महागते आहे ती पायाखालची जमीन, आणि ती जमीन कालपरवापर्यंत वारली, कोकणा, धोडिया शेतकऱ्यांचे भाताचे खाचर होती.

या भूभागाशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. मराठ्यांनी 1783 साली नगरहवेली आणि 1785 साली दादरा पोर्तुगीजांच्या हाती दिले, आणि 1954 च्या जुलै-ऑगस्टमध्ये ते परत मिळविताना आझाद गोमंतक दलाच्या सैनिकांबरोबर सुधीर फडके, राजा वाकणकर यांच्यासारखी माणसे आघाडीवर होती. 2 ऑगस्ट 1954 रोजी सिल्वासा मुक्त झाले. त्यानंतर सात वर्षे वरिष्ठ पंचायतीने कारभार पाहिला आणि 1961 साली हा प्रदेश घटनादुरुस्तीने भारतात विलीन झाला. त्या वर्षीच्या जनगणनेत येथील लोकसंख्या 57,963 होती. 2011 साली ती 3,43,709 झाली. ही वाढ पाळण्यातून झालेली नाही. विक्रीकर व प्राप्तिकराच्या सवलतींमुळे मसाट, पिपरिया, रखोली, खडोली येथे कारखाने आले, पॉलिएस्टर धाग्याचा धंदा बसला, आणि त्यामागून देशाच्या कानाकोपऱ्यातून मजूर आले. दर हजार पुरुषांमागे 1991 साली 952 स्त्रिया होत्या, 2001 साली 812 उरल्या आणि 2011 साली 774. घरदार गावी ठेवून एकट्याने आलेल्या पुरुषांची ही गणती आहे. याच वीस वर्षांत लोकसंख्येतील आदिवासींचे प्रमाण सुमारे 79 टक्क्यांवरून 52 टक्क्यांवर आले.

या एकट्या पुरुषांना निवारा दिला तो सरकारने नव्हे, कारखानदारांनीही क्वचितच. तो दिला चाळींनी. ज्याच्याकडे थोडीफार जमीन होती त्याने शेताच्या कडेला पत्र्याच्या छपराच्या खोल्यांची ओळ उभी केली, नळ आणि संडास सामाईक ठेवले, आणि एकेका खोलीत चार-पाच जण राहू लागले. कित्येक ठिकाणी हा चाळमालकही आदिवासी किंवा जुना स्थानिक रहिवासीच असतो. भाताने जे दिले नाही ते दरमहाच्या भाड्याने त्याला दिले. भाडेकरूकडे बहुधा करारपत्र नाही, भाड्याची पावती नाही, आणि मतदारयादीतील नाव उत्तर प्रदेशात, बिहारात वा ओडिशात. या केंद्रशासित प्रदेशाला विधानसभाही नाही. तेव्हा या माणसाने आपले गाऱ्हाणे कोणापुढे मांडावे?

आता परिस्थिती पालटते आहे. 2006 साली नगरपरिषद आली. 2018 च्या जानेवारीत सिल्वासाची स्मार्ट सिटी योजनेत निवड झाली. 2020 च्या प्रजासत्ताकदिनी दमण-दीवशी विलीनीकरण झाले, 2023 साली नमो वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले आणि 2025 च्या मार्चमध्ये नव्या रुग्णालयाच्या पहिल्या टप्प्याचे. डॉक्टर, प्राध्यापक, अधिकारी, कारखान्यांतील व्यवस्थापक असा कुटुंबासह राहणारा आणि बँकेकडून कर्ज मिळवू शकणारा वर्ग वाढला. रस्ता रुंद झाला, दिवे लागले, की लगतच्या जमिनीचा भाव चढतो आणि चाळमालकाच्या दारात दलाल येऊ लागतो. मालकाने जमीन विकली म्हणून त्याला दोष देता येणार नाही. मात्र विक्रीचे पैसे एकदाच येतात आणि लग्नकार्यात, गाडीत, कर्जफेडीत जातात. भाडे दरमहा येत असे. चाळीतला भाडेकरू तर काहीच न घेता उठतो आणि आणखी चार-पाच मैल आत, रखोली-खडोलीकडे सरकतो.

आपल्या वाचकांना हे नवे नाही. गिरणगावात हे डोळ्यांदेखत घडले. 1982 च्या संपानंतर गिरण्या थंडावल्या, 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने आणि विशेषतः 2001 मधील तिच्या दुरुस्तीने गिरण्यांच्या जमिनी बांधकामाला मोकळ्या झाल्या, आणि लालबाग-परळच्या मराठी माणसाने डोंबिवली, विरार गाठले. तरीही गिरणगावातील भाडेकरूच्या हाती एक शस्त्र होते: 1947 चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा. त्या कायद्याने भाडी गोठवली, मालकाने डागडुजी सोडली, छपरे गळू लागली, हे सर्व खरे. पण बिल्डरला भाडेकरूशी बोलल्यावाचून पुढे जाता आले नाही. सिल्वासाच्या चाळीत हा अडसरही नाही. छप्पर गळते आणि हक्कही नाही, असा दुहेरी तोटा तेथे आहे.

ऑक्टोबर 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दादरा व नगरहवेली आणि दमण व दीवसाठी भाडेविषयक विनियमाला मंजुरी दिली. त्याचा पाया 2021 च्या आदर्श भाडे कायद्यात आहे. लेखी करार, राहत्या जागेसाठी दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक अनामत नाही, तंट्यासाठी भाडे प्राधिकारी, अशी त्या आदर्श कायद्याची चौकट आहे. ही चौकट चांगली आहे, पण तिच्या मर्यादा ओळखणे अगत्याचे आहे. भाडे किती असावे ते उभयतांच्या संमतीवर सोडले आहे आणि मुदत संपली की जागा सोडणे भाग आहे. अनामत बुडण्यापासून हा कायदा वाचवील, वस्ती वधारल्यामुळे उठावे लागण्यापासून नाही. शिवाय एका खोलीतील पाच मजुरांनी करार नोंदवावा कसा, कोणाच्या नावाने, याचा विचार सदनिकांच्या भाडेकरूला डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या कायद्यात सहसा होत नाही.

मग घर शोधणाऱ्या मराठी कुटुंबाने काय करावे? नव्या संकुलात जाऊच नये, असा उपदेश आम्ही करणार नाही. स्वच्छ पाणी आणि मुलांना खेळायला जागा हवी असे वाटण्यात गैर काही नाही. पण भाव विचारण्याआधी जमिनीचा इतिहास विचारावा. पोर्तुगीज अमलात येथे 'अल्वारा' नावाच्या सनदांनी जमिनी दिल्या जात. 1971 च्या जमीनसुधारणा विनियमाने ती पद्धत मोडली आणि कसणाऱ्यांना हक्क दिले. तथापि सनदांचे वाद दीर्घकाळ चालले. 1974 साली जिल्हाधिकाऱ्यांनी रद्द केलेल्या काही सनदांचा दावा 2025 साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. सबब, जमीन मूळ कोणाची, विक्रीला परवानगी लागत होती काय, लागत असल्यास घेतली काय, बिनशेती आदेश आहे काय, हे वकिलाकडून पाहून घ्यावे. बिल्डरच्या रंगीत पुस्तिकेत यातील एकही गोष्ट नसते. जागा नदीच्या बाजूची असेल तर दमणगंगेवर वर मधुबन धरण आहे हे ध्यानात ठेवून पुराचे पाणी कोठवर चढते ते आसपासच्या जुन्या माणसांना विचारावे.

दुसरी गोष्ट शेजाराची. ज्या आळीत चाळ, बैठे घर आणि चारमजली इमारत एकमेकांना धरून आहेत, तेथे भाजीवाला, रिक्षावाला, धुणीभांडी करणारी बाई आणि कारखान्यातील फिटर हाकेच्या अंतरावर असतात. ही माणसे दूर हटली की त्यांचा वेळ वाढतो, भाडेखर्च वाढतो, आणि अखेरीस तो भुर्दंड संकुलात राहणाराच भरतो. पनवेल-खारघरच्या गृहिणींना हे अनुभवाने ठाऊक आहे. 'फक्त कुटुंबासाठी' असा फलक संकुलाच्या फाटकावर लावण्याचा ठराव सोसायटीच्या सभेत येतो तेव्हा, एकट्या पुरुषांच्या बळावर उभ्या राहिलेल्या या गावात त्या फलकाचा अर्थ काय होतो, एवढे तरी मराठी सभासदाने बोलून दाखवावे.

उरलेली जबाबदारी प्रशासनाची आहे. रस्ता रुंदीकरणाचे वा सुशोभीकरणाचे काम हाती घेण्यापूर्वी त्या पट्ट्यातील चाळींची आणि त्यांतील भाडेकरूंची नोंद नगरपरिषदेने करावी; मालकाने नोंद दिली तर त्याला चाळ सुधारण्यासाठी स्वस्त कर्ज किंवा घरपट्टीत सूट द्यावी, म्हणजे विकण्यापेक्षा चाळ नीट चालवणे त्याला परवडेल. प्रधानमंत्री आवास योजनेच्या 2024 मध्ये मंजूर झालेल्या शहरी दुसऱ्या पर्वात परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा स्वतंत्र विभाग आहे. ज्या कारखान्यांनी वर्षानुवर्षे करसवलती घेतल्या, त्यांना या विभागाखाली मसाट-पिपरियाच्या परिसरातच कामगारांसाठी खोल्या बांधावयास लावणे अवघड नाही. जमीन अजून सर्वस्वी हातची गेलेली नाही; पुढील चार-दोन वर्षांत मात्र ती जाईल, आणि मग हाच खर्च दुप्पट-तिप्पट भावाने करावा लागेल.