धूसरतेची किंमत

१/ पार्श्वभूमी धूसर झाली की छायाचित्र ‘कलात्मक’ झाले, असा आज सार्वत्रिक समज आहे. व्यक्तिचित्रणाच्या इतिहासात मात्र ही धूसरता प्रथम आली ती प्रकाशासाठी मोजलेली किंमत म्हणून.

२/ १८३९ साली दागेरची पद्धत जाहीर झाली, तेव्हा एका चित्राला कित्येक मिनिटे लागत. माणूस तेवढा वेळ निश्चल कसा बसणार? १८४० साली व्हिएन्नातील गणिती योझेफ पेट्झवाल यांनी सुमारे एफ/३.६ इतक्या मोठ्या छिद्राचे भिंग गणिताने सिद्ध केले. मध्यभागी चेहरा रेखीव, कडांकडे सारे विरघळत जाणारे. कडांचा हा दोष व्यक्तिचित्रात खपून गेला, कारण चेहरा मध्येच असतो. ही तडजोड मला अत्यंत शहाणपणाची वाटते.

३/ पुढे ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांनी चेहराही किंचित अस्पष्ट ठेवला आणि समकालीन छायाचित्रकारांची टीका ओढवून घेतली. १९३२ साली सॅन फ्रान्सिस्कोत अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन प्रभृतींनी उलट टोक गाठले. त्यांच्या गटाचे नावच ‘एफ/६४’: अतिशय बारीक छिद्र, पायाजवळच्या खड्यापासून क्षितिजापर्यंत सारे स्पष्ट. निसर्गदृश्याला हे शोभते. पण चेहऱ्यामागची भिंतही तितकीच बोलू लागली, तर ऐकायचे कोणाचे?

४/ आजचा मोबाइल पार्श्वभूमी हिशेबाने पुसतो आणि भुरभुरत्या केसांपाशी अनेकदा अडखळतो. भिंगात स्पष्टता अंतरानुसार हळूहळू उतरते. तिथे कात्रीने कापल्यासारखी रेघ उमटते. म्हणून भिंग पारखताना मागचे किती पुसले जाते यापेक्षा हा उतार आधी पाहावा. आणि छिद्र थोडे लहान करून दोन्ही डोळे रेखीव येतात का, तेही.