विश्लेषण : ‘एलियन’ आणि ‘प्रिडेटर’ एकमेकांचे कोण लागतात? चाहत्यांचे तर्क किती खरे?

‘प्रिडेटर : बॅडलँड्स’ हा हॉलिवूडपट ७ नोव्हेंबर २०२५ रोजी प्रदर्शित झाला. त्याच्या काही महिने आधी आलेल्या टीझरमध्ये अभिनेत्री एल फॅनिंगने साकारलेल्या यंत्रमानव तरुणीच्या डोळ्यांत एका कंपनीचे बोधचिन्ह दिसले आणि समाजमाध्यमांवर तर्कवितर्कांना ऊत आला. कंपनीचे नाव ‘वेलँड-युतानी’. ही कंपनी मूळची ‘प्रिडेटर’ मालिकेतली नाहीच. ती १९७९ मध्ये सुरू झालेल्या ‘एलियन’ मालिकेतली. मग या दोन्ही मालिकांतले परग्रहवासी एकाच विश्वात राहतात का? त्यांचे मूळ एकच आहे का? चाहते गेली ३५ वर्षे हे प्रश्न विचारत आहेत. त्यातले पडद्यावर काय दिसले, कशाचा फक्त अंदाज आहे आणि हे नाते जुळवण्यात कोणाचे काय गुंतले आहे, याविषयी...

चर्चा आताच का?

२०२५ या एकाच वर्षात दोन्ही मालिकांचे नवे भाग आले. ऑगस्टमध्ये नोआ हॉली यांची ‘एलियन : अर्थ’ ही वेबमालिका सुरू झाली. जूनमध्ये ‘प्रिडेटर : किलर ऑफ किलर्स’ हा ॲनिमेशनपट आणि नोव्हेंबरमध्ये ‘बॅडलँड्स’ आला. हे दोन्ही चित्रपट दिग्दर्शक डॅन ट्रॅक्टनबर्ग यांचे. ‘बॅडलँड्स’मध्ये प्रिडेटर प्रथमच कथेचा नायक झाला आणि त्याच्या सोबतीला ‘एलियन’मधल्या कंपनीने बनवलेली यंत्रमानव देण्यात आली. मात्र ‘एलियन’मधला तो लांबट डोक्याचा भयंकर जीव या चित्रपटात नाही. कंपनी आहे, पण तिची सर्वांत गाजलेली शिकार नाही. चाहत्यांच्या तर्कांना जागा मिळाली ती नेमकी इथे.

दोन जीव, एकच कार्यशाळा

रिडली स्कॉट यांचा ‘एलियन’ १९७९ मध्ये आला. त्यातल्या जिवाचे रूप स्विस चित्रकार एच. आर. गिगर यांनी रेखाटले होते. हा जीव दुसऱ्याच्या शरीरात वाढतो आणि छाती फोडून बाहेर येतो. १९८६ मध्ये जेम्स कॅमेरॉन यांनी ‘एलियन्स’मध्ये त्यांची अंडी घालणारी राणी दाखवली. पुढच्याच वर्षी अर्नोल्ड श्वार्झनेगर यांचा ‘प्रिडेटर’ आला. त्यातला परग्रहवासी शस्त्रधारी, बुद्धिमान आणि छंदापायी शिकार करणारा.

दोन्ही चित्रपट ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स या एकाच स्टुडिओचे. शिवाय ‘एलियन्स’मधली राणी आणि ‘प्रिडेटर’चा शिकारी हे दोन्ही स्टॅन विन्स्टन यांच्या कार्यशाळेत घडले. म्हणजे या दोघांत पहिले नाते होते ते एका मालकाचे आणि एका कारागिराचे. कथेत तेव्हा त्यांचा काहीही संबंध नव्हता.

कवटी आधी की कॉमिक?

या विषयावरच्या बहुतेक पोस्ट आणि रील्स १९९० च्या ‘प्रिडेटर २’पासून सुरू होतात. चित्रपटाच्या अखेरीस शिकाऱ्याच्या यानातल्या भिंतीवर त्याने मिळवलेल्या कवट्या टांगलेल्या दिसतात. त्यात एक लांबट कवटी ‘एलियन’ची आहे. ‘इथूनच सगळे सुरू झाले’ असे छातीठोकपणे सांगितले जाते.

प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. डार्क हॉर्स या अमेरिकी कॉमिक प्रकाशनाने १९८९ मध्येच ‘एलियन्स विरुद्ध प्रिडेटर’ ही कथा छापायला सुरुवात केली होती. पडद्यावरची कवटी त्यानंतरची. जाणकार प्रेक्षकांसाठी ठेवलेली ती एक गंमत मानली जाते. पण त्या गंमतीचे पुढे कथानक झाले. २००४ मध्ये ‘एलियन विरुद्ध प्रिडेटर’ आणि २००७ मध्ये त्याचा दुसरा भाग आला. पहिल्या भागात अंटार्क्टिकाच्या बर्फाखालच्या पिरॅमिडमध्ये प्रिडेटर तरुण शिकारीची परीक्षा देतात आणि त्यासाठी एलियन तिथे पाळले जातात, असे दाखवले होते. थोडक्यात, पडद्यावरचे त्यांचे नाते शिकारी आणि सावज असे आहे. दोघे एकाच वंशाचे आहेत, असे या चित्रपटांत कुठेही म्हटलेले नाही.

नावे कोणी दिली?

आज सगळे जण या जिवाला ‘झेनोमॉर्फ’ म्हणतात. हा शब्द ‘एलियन्स’मध्ये एका लष्करी अधिकाऱ्याच्या तोंडी येतो, पण तिथे त्याचा अर्थ ‘कुठलासा अनोळखी जीव’ इतकाच आहे. ग्रीक भाषेतल्या ‘परका’ आणि ‘आकार’ या अर्थाच्या शब्दांपासून तो बनला आहे. चाहत्यांनी तो उचलला आणि एका सर्वसाधारण शब्दाचे विशेषनाम झाले. प्रिडेटरच्या जमातीचे ‘याउत्जा’ हे नाव तर चित्रपटातून आलेच नाही. ते १९९४ च्या एका कादंबरीतले. वाचकांनी ते जपले आणि ‘बॅडलँड्स’ने ते पडद्यावर आणले.

चाहत्यांचे तर्क म्हणजे रिकामा उद्योग, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवे. कादंबरीत किंवा संवादात सुटून गेलेला एखादा शब्द लोक वापरत राहतात आणि काही वर्षांनी स्टुडिओलाही तो स्वीकारावा लागतो.

मूळ पुरुष कोण?

खरा गुंता २०१२ मध्ये झाला. रिडली स्कॉट यांनी ‘प्रोमिथियस’मध्ये ‘इंजिनीअर’ नावाची महाकाय, मानवसदृश जमात दाखवली. पहिल्या ‘एलियन’मध्ये एका बेवारस यानात मरून पडलेला अवाढव्य चालक दिसला होता. तो याच जमातीचा, असे आता सांगण्यात आले. या जमातीकडे एक काळा द्रव आहे आणि त्याच्या स्पर्शाने सजीवांत भीषण बदल होतात. २०१७ च्या ‘एलियन : कव्हेनंट’मध्ये डेव्हिड हा यंत्रमानव त्याच द्रवावर प्रयोग करून एलियनसारखा जीव घडवतो. म्हणजे माणसाने यंत्र बनवले आणि यंत्राने राक्षस. अनेकांना हे उत्तर पटले नाही. त्यांनी ‘प्रोमिथियस’मधल्याच एका भिंतशिल्पाकडे बोट दाखवले. त्यावर एलियनसारखी आकृती आधीपासून कोरलेली आहे. मग डेव्हिड त्याचा निर्माता कसा?

काही चाहते याच धाग्यावरून पुढे जातात. काळ्या द्रवातूनच प्रिडेटरही जन्मले असावेत, किंवा इंजिनीअर आणि प्रिडेटर जुने वैरी असावेत, असे ते सुचवतात. यातल्या एकाही गोष्टीला चित्रपटांत आधार नाही. उलट स्कॉट यांनी २००४ च्या कथेकडे सरळ काणाडोळा केला. त्या चित्रपटात वेलँड कंपनीचा प्रमुख चार्ल्स बिशप वेलँड आहे, तर ‘प्रोमिथियस’मध्ये कंपनीचा संस्थापक पीटर वेलँड. दोघांचा मेळ घालण्याची तसदी कोणी घेतलेली नाही.

नंतर हॉली यांनी आणखी वेगळी वाट धरली. लाखो वर्षांच्या उत्क्रांतीतून घडलेला परिपूर्ण जीव आपल्याला अधिक भीतिदायक वाटतो, नुकतेच कोणी तरी बनवलेले जैविक अस्त्र तितके नाही, अशी भूमिका त्यांनी मुलाखतीत मांडली. म्हणजे एकाच मालिकेच्या दोन अधिकृत निर्मात्यांचे एकाच जिवाच्या मुळाबद्दल एकमत नाही.

दिसण्यावरून नाते ठरते का?

चाहत्यांचे बहुतेक तर्क ‘हा त्याच्यासारखा दिसतो’ यावर उभे असतात. पण या मालिकेच्या स्वतःच्या नियमांतच तो पुरावा कच्चा आहे. एलियन ज्याच्या शरीरात वाढतो, त्याचे काही गुण घेतो. १९९२ च्या ‘एलियन ३’मधला जीव माणसाऐवजी जनावराच्या शरीरातून आला, म्हणून चार पायांवर धावतो. २००४ च्या चित्रपटाच्या शेवटी प्रिडेटरच्या छातीतून बाहेर आलेल्या पिल्लाला प्रिडेटरसारखा जबडा आहे. तेव्हा दोघांत साम्य दिसले तर ते वंशामुळे की यजमान शरीरामुळे, हे नुसते पाहून सांगता येणार नाही.

खऱ्या विज्ञानातही हाच प्रश्न पडतो आणि तिथे तो वेगळ्या पद्धतीने सोडवतात. जीवसृष्टीचे बीज कोणी तरी मुद्दाम पृथ्वीवर पाठवले असेल का, ही ‘प्रोमिथियस’मधली कल्पना फ्रान्सिस क्रिक आणि लेस्ली ऑर्गेल या शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये गंभीरपणे मांडली होती. बीज अंतराळातून आपोआप आले असावे का, याचा शोध महाराष्ट्रातल्या संशोधकांनीही घेतला. पुण्याच्या ‘आयुका’चे डॉ. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने ‘इस्रो’ने हैदराबादहून मोठे फुगे सोडून २० ते ४० किलोमीटर उंचीवरची हवा गोळा केली. तिची तपासणी पुणे आणि हैदराबादच्या प्रयोगशाळांत झाली. २००९ मध्ये जिवाणूंच्या तीन नव्या प्रजाती जाहीर झाल्या. त्यातल्या एकीला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांचे नाव दिले गेले. या प्रजातींचे इतर जिवाणूंशी असलेले नाते त्यांच्या जनुकांवरून ठरवले गेले. एवढे करूनही, हे जिवाणू पृथ्वीबाहेरून आले असे यातून सिद्ध होत नाही, हे ‘इस्रो’ने तेव्हाच स्पष्ट केले होते.

‘प्रोमिथियस’मध्ये मात्र इंजिनीअरचा डीएनए माणसाशी जुळतो आणि प्रश्न मिटतो. जीवशास्त्राच्या अभ्यासकांना हे खटकते ते यामुळे, की माणसाचा डीएनए चिंपांझीशीही मोठ्या प्रमाणात जुळतो आणि थोड्याफार प्रमाणात यीस्टशीही. माणूस थेट इंजिनीअरपासून आला असेल, तर बाकीच्या जीवसृष्टीशी त्याचे नाते कुठून आले, याचे उत्तर चित्रपट देत नाही.

नाते जुळवण्यात कोणाचा फायदा?

मार्च २०१९ मध्ये डिस्नेने फॉक्सचा मनोरंजन व्यवसाय सुमारे ७१ अब्ज डॉलरना विकत घेतला आणि दोन्ही परग्रहवासी डिस्नेच्या मालकीचे झाले. डार्क हॉर्सने ३० वर्षे छापलेल्या या कॉमिक्सचे हक्क २०२० मध्ये मार्व्हलकडे गेल्याचे जाहीर झाले. मार्व्हलही डिस्नेचीच. २०२३ मध्ये प्रिडेटरची गाठ वुल्व्हरिनशी आणि २०२४ मध्ये एलियनची गाठ ॲव्हेंजर्सशी कॉमिकमध्ये घालून दिली गेली. एका मालिकेचा प्रेक्षक दुसरीकडे वळवण्याचा हा सोपा मार्ग आहे.

पण मालकीही कायम टिकेलच असे नाही. अमेरिकी कॉपीराइट कायद्यानुसार मूळ लेखकाला साधारण ३५ वर्षांनी आपले हक्क परत मागता येतात. ‘प्रिडेटर’चे पटकथालेखक जिम आणि जॉन थॉमस या भावांनी २०२१ मध्ये त्यासाठी न्यायालयात धाव घेतली. पुढच्या वर्षी तडजोड झाली. ती झाली नसती आणि निकाल भावांच्या बाजूने लागला असता, तर ‘एलियन’ एकीकडे आणि ‘प्रिडेटर’ दुसरीकडे अशी वाटणी होऊ शकली असती. दोन काल्पनिक जमातींचे नाते टिकणार की तुटणार, हे अशा करारांवरही अवलंबून असते.

यात तोटा काय?

पहिल्या ‘एलियन’मध्ये त्या मृत चालकाबद्दल प्रेक्षकाला काहीच कळत नाही. तो कोण, कुठून आला, त्याला कोणी मारले, यातले काही सांगितले जात नाही आणि भीती नेमकी त्यामुळे वाटते. प्रत्येक जिवाचा मूळ पुरुष सापडला, प्रत्येक कंपनी प्रत्येक कथेत दिसू लागली, की अथांग वाटणारे अवकाश एका गावाएवढे होते. तिथे सगळे एकमेकांना ओळखतात आणि कोणी कोणाला घाबरत नाही.

दुसरा तोटा प्रेक्षकाच्या विश्वासाचा. ‘शेवटी कन्फर्म झाले!’ अशा मथळ्याच्या रील्स लाखो वेळा पाहिल्या जातात, त्यातला अंदाज पुढच्या पोस्टमध्ये माहिती म्हणून येतो आणि खरा इतिहास मागे पडतो. १९९० च्या कवटीबाबत तेच घडले.

मग ‘कन्फर्म’ कशाला म्हणायचे?

पोस्ट पुढे पाठवण्याआधी दावा कुठून आला, एवढे पाहिले तरी पुरते. पडद्यावर किंवा संवादात आलेली गोष्ट सर्वांत भक्कम. दिग्दर्शकाने मुलाखतीत सांगितलेली गोष्ट त्याच्या कलाकृतीपुरती खरी. पुढचा दिग्दर्शक ती बदलू शकतो, हे स्कॉट आणि हॉली यांच्या उदाहरणातून दिसतेच. कादंबऱ्या, कॉमिक्स आणि खेळ यांतले तपशील चित्रपटकर्त्यांवर बंधनकारक नसतात, मात्र ‘याउत्जा’सारखे काही पुढे पडद्यावर येतात. चाहत्यांचा तर्क सर्वांत शेवटी येतो. तो मांडायला हरकत नाही, फक्त तर्क म्हणूनच मांडला जावा.

या कसोटीवर आज इतकेच म्हणता येते : वेलँड-युतानी कंपनी दोन्ही मालिकांत आहे, त्यामुळे दोघांचे विश्व एक असल्याचा दावा आता भक्कम आहे. प्रिडेटरने एलियनची शिकार केल्याचे जुन्या चित्रपटांत दिसले आहे, पण त्या कथा आजही ग्राह्य आहेत की नाहीत, हे नव्या चित्रपटांनी सांगितलेले नाही. दोघांचा पूर्वज एक असल्याचा पुरावा कोणत्याही चित्रपटात किंवा वेबमालिकेत नाही.