घरकुल मंजूर, जागा नामंजूर

घरकुलाच्या प्रपत्र-ड यादीत नाव लागलं, मंजुरी आली, आधार आणि पासबुकाच्या झेरॉक्स देऊन झाल्या, तरी घराचा पाया खणला गेला नाही, अशी कुटुंबं राज्यातल्या कितीतरी गावांत आहेत. ग्रामपंचायतीत चौकशी केली तर उत्तर ठरलेलं : ‘यांना स्वतःची जागा नाही.’ म्हणजे ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्यासाठी काढलेली योजना, त्याच्याकडे काहीच नाही म्हणून अडते! आमचं म्हणणं सरळ आहे. खेड्यातल्या गरिबाच्या घराचा प्रश्न आज पैशापेक्षा जागेवर जास्त अडला आहे, आणि ती जागा काढून देण्यात त्या कुटुंबाइतकाच गावाचाही फायदा आहे.

पैसा पुरेसा आहे असं कुणी समजू नये. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) 2016 मध्ये आली तेव्हा सपाट भागात 1 लाख 20 हजार आणि डोंगरी-दुर्गम भागात 1 लाख 30 हजार रुपये ठरले. त्यानंतर सळई, सिमेंट आणि वाळूचे भाव कुठे गेले ते सगळ्यांना ठाऊक आहे. राज्य सरकारने 2025 मध्ये 50 हजारांची भर घातली, त्यातले 15 हजार छतावरच्या सौरऊर्जेचे. रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे 12 हजार धरले तरी 25 चौरस मीटरचं घर ओढाताणीनेच उभं राहतं. पण उभं राहतं. घरची माणसं मजुरीला लागतात, बचत गटातून कर्ज निघतं, प्लास्टर पुढच्या वर्षावर जातं. जागेचं मात्र असं काही करता येत नाही. गावठाणाच्या हद्दी जुन्या मोजणीच्या, घरं वाढून तीनपट झाली तरी बहुतेक ठिकाणी तेवढ्याच राहिल्या. जागा विकत घेण्यासाठी दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची अर्थसहाय्य योजना आहे, पण गावठाणाबाहेरच्या अर्ध्या गुंठ्याचं खरेदीखत 1947 च्या तुकडेबंदी कायद्यात बसेना. एक खातं जागेला पैसे देणार आणि दुसरं खातं तीच जागा नोंदवून घेणार नाही, असा कारभार 2024 मध्ये नियम बदलेपर्यंत चालला. आता घरकुलासाठी प्रत्येकी 500 चौरस फुटांपर्यंतच्या हस्तांतराला जिल्हाधिकारी परवानगी देऊ शकतात. ही गोष्ट किती लाभार्थ्यांच्या कानावर गेली आहे, ते ज्याने त्याने आपल्या गावात विचारून पाहावं.

यात गावाचा काय फायदा? घरकुलाचे हप्ते तालुक्यातच फिरतात. गवंडी, सेंट्रिंगवाला, वीटभट्टी, ट्रॅक्टर, हार्डवेअरचं दुकान, सगळी जवळपासची माणसं. घर झालं की त्याची नमुना 8 ला नोंद होते आणि घरपट्टी सुरू होते. वरून येणाऱ्या निधीकडे डोळे लावून बसलेल्या ग्रामपंचायतीला हेच हक्काचं उत्पन्न. योजनेच्या नियमाप्रमाणे घर बाईच्या किंवा पती-पत्नी दोघांच्या नावे मंजूर व्हावं लागतं. ज्या घरांत सात-बारावर तिचं नाव कधी चढलंच नाही, तिथे हा पहिला कागद असतो. आणि आरोग्याचं तर मोजून पाहिलेलं आहे. मेक्सिको सरकारने गरिबांच्या घरांतल्या मातीच्या जमिनी सिमेंटच्या करून दिल्या. संशोधकांनी तिथल्या लहान मुलांची पाहणी केली, तेव्हा पोटातल्या जंतांचं प्रमाण 78 टक्क्यांनी आणि जुलाबाचं 49 टक्क्यांनी कमी आढळलं. नुसती जमीन बदलली होती. भिंती आणि छप्पर तेच. प्राथमिक आरोग्य केंद्रासमोरची रांग कमी करायची असेल, तर सुरुवात घरातल्या ओलीपासून करावी लागेल.

यावर पहिला आक्षेप असा, की लोक शहराकडे चाललेत, मग कुलूप लावायला घरं कशाला? त्यात तथ्य आहे. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाची लोकसंख्या आधीच्या दशकापेक्षा घटली, आणि तिथे चांगल्या घरांचा काही तुटवडा नव्हता. काम नसेल तर घर माणसाला धरून ठेवू शकत नाही. पण बीडचा ऊसतोड कामगार बघा. तो दरवर्षी जातो तसा दरवर्षी परतही येतो. मागे पक्कं, कडी लागणारं घर असेल तर आजी-आजोबांपाशी मुलं राहू शकतात आणि शाळा सुटत नाही. गळकं खोपट असेल तर सगळं बिऱ्हाड पोरांसकट फडावर जातं. सहा महिने कोपीत राहिलेलं पोर परत आल्यावर वर्गात कुठे बसतं, ते शिक्षकांना विचारा.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा : गायरान गुरांचं आहे, ते घरांना देऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामायिक जमिनी वाचवायला सांगितलं, ते योग्यच केलं. पण भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाच्या अधिसूचनेने दिलेल्या जागांचा अपवादही त्याच निकालात आहे, तो वाचून दाखवायला कुणी तयार नसतं. आता हिशेब करा. भूमिहीन कुटुंबं चाळीस, प्रत्येकी 500 चौरस फूट, म्हणजे 20 हजार. रस्ते-गटारींसाठी तेवढीच आणखी धरली तर 40 हजार. एकराचे 43 हजार 560 चौरस फूट होतात. चाळीस संसारांना एक एकरसुद्धा लागत नाही! सौर कृषी वाहिनी योजनेसाठी गावोगावी शासकीय जमिनी नाममात्र भाड्याने निघाल्या; त्याला आमचा विरोध नाही, पण तेव्हा गुरं कुठे चरतील हा प्रश्न एवढ्या तळमळीने कुणी विचारला? 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर याच राज्याने 52 गावं नव्या जागी वसवली. त्यात चुकाही झाल्या. काही गावं ऐसपैस आखली गेली आणि शेत, गोठा, शेजार लांब पडला. म्हणून भूखंड गावालगतच हवेत, पाणी आणि रस्ता पोचलेल्या बाजूला. गावाबाहेर खडकावर नवी वस्ती टाकून पुन्हा तीच जातीची वेस आखायची असेल, तर ती जागा आम्हाला नको.

राहिला ‘फुकट दिलं की माणूस आळशी होतो’ हा पारावरचा सिद्धांत. पुढचा हप्ता बांधकामाचा फोटो चढवल्याशिवाय सुटत नाही, आणि कुदळ घरच्यांनाच धरावी लागते. ज्यांना हे फुकट वाटतं त्यांनी एकदा जोत्यापर्यंत बांधून पाहावं.

भूमिहीन लाभार्थ्याला जागा मिळवून देण्याची जबाबदारी राज्यावर आहे, असं योजनेचीच मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. तेव्हा अर्ज-विनंत्या पुरे. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय आधीच लेखी द्या. जागेअभावी अडलेल्या प्रत्येक कुटुंबाचं नाव आणि त्यासमोर गावालगतच्या शासकीय जमिनीचा गट नंबर, असा एकच ठराव सूचक-अनुमोदकांसह घ्या. त्याच्या प्रती तहसीलदार आणि गटविकास अधिकाऱ्यांकडे देऊन पोच घ्या. आणि ग्रामसभा संपल्यावर इतिवृत्ताची सही-शिक्क्याची नक्कल हातात पडेपर्यंत कार्यालयातून उठू नका.