शिक्षणाचे संशोधन शाळेपर्यंत पोहोचावे

विकसनशील देशांतील शिक्षण हा विषय परदेशी विद्यापीठांत आता चांगलाच रुजला आहे, आणि त्याच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी आपल्याकडील बुद्धिमान तरुण-तरुणी मोठ्या उमेदीने तेथे दाखल होतात, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु ज्या शाळांविषयी हे प्रबंध लिहिले जातात, त्या शाळांतील गुरुजींच्या हाती त्यांतील एखादे पानही क्वचितच पडते, याचा विषाद वाटल्यावाचून राहत नाही.

अशा संशोधनाचे मोल थोर आहे. पश्चिम केनियातील ग्रामीण शाळांत गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात मुलांना पाठ्यपुस्तके पुरवण्यात आली. पुस्तके नाहीत म्हणून मुले मागे, हे सर्वांनीच गृहीत धरले होते. अर्थशास्त्रज्ञ मायकेल क्रेमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुस्तके मिळालेल्या आणि न मिळालेल्या शाळांची काळजीपूर्वक तुलना केली, तेव्हा असे निष्पन्न झाले की सरासरी गुणांत वाढ झालीच नाही. लाभ झाला तो केवळ आधीपासून हुशार असलेल्या मुलांना. पुस्तके इंग्रजीत होती, आणि मातृभाषा व स्वाहिलीनंतर इंग्रजी ही तेथील बहुतेक मुलांची तिसरी भाषा! पुस्तक हाती पडले, तरी ते वाचता येईना. ज्या सरकारी अभ्यासक्रमाची रचनाच थोड्या पुढारलेल्या मुलांसाठी झालेली असते, त्याच्यावर इतका मर्मभेदी प्रकाश कोणत्याही चौकशी समितीच्या अहवालाने क्वचितच पडला असेल.

मुंबईच्या महापालिका शाळांतही अशा संशोधनाचे मोल दिसून आले. 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेच्या बालसखी म्हणजे वस्तीतल्याच तरुण मुली; तिसरी-चौथीत मागे पडलेल्या मुलांना वर्गाबाहेर घेऊन त्या रोज सुमारे दोन तास वाचन व अंकगणित शिकवीत, आणि त्या मुलांची प्रगती झाल्याचे अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात सिद्ध केले. पुढे 2019 मध्ये बॅनर्जी, डुफ्लो व क्रेमर यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मुले मुंबईची, शिकवणाऱ्या मुलीही मुंबईच्या. निबंध मात्र अर्थशास्त्राच्या एका इंग्रजी त्रैमासिकात. विद्वत्सभेत त्याची परीक्षा व्हावी हे युक्तच आहे, पण तेवढ्याने संशोधकाचे कर्तव्य संपले असे मानणे मला मुळीच मान्य नाही.

याहून निराळा मार्ग आपल्याच मातीत आखला गेला होता. कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीत जन्मलेल्या जे. पी. नाईक यांनी धारवाडजवळच्या उप्पिन बेटगेरी या खेड्यात लोकशिक्षणाचे काम केले, 1948 मध्ये मुंबईत भारतीय शिक्षण संस्था स्थापन करून शिक्षणाच्या उच्च अभ्यासाला व संशोधनाला हक्काचे स्थान मिळवून दिले, आणि त्यानंतर 1964 ते 1966 या काळात कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव म्हणून साऱ्या देशाच्या शिक्षणाचा आराखडा मांडण्यात भाग घेतला. खेडे आधी, आयोग नंतर, हा क्रम मला फार अर्थपूर्ण वाटतो. राष्ट्रीय उत्पन्नाचे 6 टक्के शिक्षणावर खर्चावेत, ही त्या आयोगाची शिफारस आजही दप्तरातच पडून आहे. तिच्या अंमलबजावणीचा आग्रह लोकांनी धरायचा, तर लोकांना आधी ती हकिकत त्यांच्या भाषेत कळली पाहिजे.

तेव्हा आपल्या विद्यापीठांना माझी विनंती अशी की, महाराष्ट्रातील शाळांवरील प्रत्येक प्रबंधाचा वीस-पंचवीस पानांचा मराठी गोषवारा सादर झाल्याखेरीज पदवी देऊ नये, आणि तो संबंधित जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाकडे व अभ्यासिलेल्या शाळांकडे रीतसर पाठवावा. सरकारनेही प्राथमिक शिक्षकांना संशोधनासाठी भरपगारी रजेची तजवीज करावी. वर्गात वीस वर्षे उभे राहिलेल्या माणसाला जे प्रश्न सुचतात, ते बाहेरून आलेल्या पदवीधराला सुचणे कठीण आहे.