पाण्याचा हिशेब द्या, मग इंधनाला हिरवे म्हणा!

उजनी धरणाचे पाणी उसाला पाजायचे, त्या उसाचा रस आंबवून आसवनीत गाळायचा, निघालेले इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळायचे आणि हे पर्यावरणरक्षणाचे इंधन आहे अशी देशभर द्वाही फिरवायची, हा उद्योग सोलापूर जिल्ह्यात राजरोस चालू आहे. आम्ही स्पष्ट सांगतो, याचा पर्यावरणरक्षणाशी काडीचा संबंध नाही. ही दुष्काळी मुलखाच्या पाण्याची लूट आहे, आणि सरकारी व्याजसवलत व सरकारी खरेदीहमी देऊन तिला प्रतिष्ठा मिळवून दिलेली आहे. ज्या जिल्ह्यात उन्हाळा लागला की वाड्या-वस्त्या टँकरकडे डोळे लावून बसतात, त्याच जिल्ह्याने देशाच्या मोटारींची तहान भागवावी, हा कुठला न्याय?

आकडे पाहा. आकडे आमचे नाहीत, सरकारचे आहेत. निती आयोगाने जून २०२१ मध्ये इथेनॉल मिश्रणाचा आराखडा प्रसिद्ध केला. वीस टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट २०३० वरून २०२५ वर ओढून आणणारा हाच तो आराखडा. त्यातच नमूद आहे की उसापासून एक लिटर इथेनॉल तयार करायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. मोटारसायकलच्या टाकीत दहा लिटर मिश्रित पेट्रोल भरले की त्यात दोन लिटर इथेनॉल गेले. ते उसाचे असेल तर ५,७२० लिटर पाणी गेले. माणशी रोज १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचे सरकारी माप धरले, तर एका माणसाचे बेचाळीस दिवसांचे पाणी एका दुचाकीच्या टाकीत संपले. चाळीस लिटरची मोटार असेल तर दहा-बारा हजार लिटरचे जवळजवळ दोन टँकर रिते झाले. हा आकडा ज्या आराखड्यात छापला आहे, त्याच आराखड्यात वीस टक्क्यांची घाई केली आहे. याला धोरण म्हणावे की बेपर्वाई?

जिथे पाऊस धो-धो पडतो तिथे हा हिशेब कदाचित खपून जाईल. सोलापुरात तो खपणार नाही. इथला वार्षिक पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. पाटपाण्यावरच्या उसाला लागते अडीच हजार मिलिमीटरच्या घरात. मधली तूट आभाळ भरून देत नाही. ती उजनीच्या कालव्यातून, भीमेच्या पात्रावर बसवलेल्या पंपांतून आणि दरवर्षी आणखी खोल जाणाऱ्या बोअरमधून उपसली जाते. राज्यातल्या एकूण पिकाखालच्या जमिनीपैकी चार टक्क्यांहूनही कमी जमिनीवरचा ऊस सिंचनाचे सुमारे सत्तर टक्के पाणी पितो, असे केंद्राच्या कृषी मूल्य आयोगाने बजावून दशक लोटले. त्याही आधी, १९९९ साली, राज्याच्या चितळे सिंचन आयोगाने तुटीच्या खोऱ्यांत उसाला आवर घाला म्हणून सांगितले होते. आयोगांचे अहवाल कपाटात गेले आणि कारखान्यांची धुराडी माळावर उभी राहिली. आज या एका जिल्ह्यात तीसहून अधिक साखर कारखाने आहेत. दुष्काळी म्हणून ओळखला जाणारा जिल्हा कारखान्यांच्या संख्येत देशात अग्रेसर असावा, याचा अभिमान मिरवणाऱ्यांना आम्ही विचारतो, पाणी कोणाचे?

उजनीची अवस्था आठवा. एकूण साठा ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला वापरण्याजोगा साडेत्रेपन्न, बाकीचा मृतसाठा. २०२३ च्या पावसाळ्यात हे धरण जेमतेम साठ टक्के भरले आणि २०२४ च्या जूनपर्यंत उणे साठ टक्क्यांच्या घरात उतरले. म्हणजे ज्याला हात लावायचा नसतो त्या मृतसाठ्यातूनच तीसहून अधिक टीएमसी उपसले गेले. सोलापूर शहराने वर्षानुवर्षे चार-चार, पाच-पाच दिवसांनी नळाला येणारे पाणी पिंपात साठवून दिवस काढले. शहरासाठी औज बंधाऱ्यात पाणी आणायचे तर ते भीमेच्या पात्रातून सोडावे लागते, आणि पोहोचेपर्यंत त्यातले किती पात्रात जिरते आणि किती काठावरच्या पंपांत जाते हे पाटबंधारे खात्याला चांगले ठाऊक आहे. २०१३ च्या दुष्काळात उजनीत पाणी सोडा म्हणून मोहोळच्या शेतकऱ्याला मुंबईत आझाद मैदानावर उपोषणाला बसावे लागले. सत्तेतल्या नेत्याने त्याची जाहीर सभेत टिंगल केली आणि मग राज्यभर संताप उसळल्यावर माफी मागितली. टिंगल विसरली गेली असेल. पाण्याचा प्रश्न जिथल्या तिथे आहे.

सरकारच्या लेखी पाण्याची किंमत किती, हे ७ डिसेंबर २०२३ ला उघड झाले. त्या दिवशी केंद्राने उसाच्या रसापासून आणि पाकापासून इथेनॉल बनवण्यावर बंदी घातली. कारण काय? महाराष्ट्र-कर्नाटकात पावसाने दगा दिला, ऊस कमी येणार, साखर महागणार आणि निवडणुका तोंडावर! आठवडाभरात ती बंदी सैल केली, आणि पुढच्या ऑगस्टमध्ये नव्या हंगामासाठी उठवूनही टाकली. साखर महागेल या भीतीने एका रात्रीत बंदी घालता येते, पण धरण उणे होते तेव्हा एक परिपत्रकसुद्धा निघत नाही! साखरेचा भाव वाढला तर दिल्लीची झोप उडते. सांगोल्याच्या किंवा मंगळवेढ्याच्या बाईने हंड्यासाठी किती पायपीट केली, याने कोणाची उडते?

आता समर्थकांची बाजू. ती आम्ही टाळत नाही. ते म्हणतात, आयात तेलावरचे लाख कोटींहून अधिक वाचले. पेट्रोलियम मंत्रालयाच्या हिशेबाने २०१४-१५ पासून १ लाख ४४ हजार कोटींहून अधिक परकीय चलन वाचले. ते म्हणतात, कारखान्यांच्या हातात पैसा खेळू लागला आणि उसाची बिले वेळेवर निघू लागली. ते म्हणतात, निती आयोगाच्याच अभ्यासानुसार उसाच्या इथेनॉलमुळे पेट्रोलच्या तुलनेत ६५ टक्के कमी हरितगृह वायू बाहेर पडतात. हे सारे मान्य धरू. पण या कोष्टकात पाण्याचा रकाना कुठे आहे? कार्बनचा किलो-किलो मोजणाऱ्यांना टीएमसी मोजता येत नाही काय? वाचलेले परकीय चलन देशाच्या तिजोरीत गेले, आणि त्यासाठी खर्ची पडलेले पाणी भीमेच्या खोऱ्यातून गेले. ज्याचे गेले त्याला विचारले कोणी?

इथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. साखर काढून झाल्यावर उरणाऱ्या सी-हेवी मळीपासून इथेनॉल करायला आमचा विरोध नाही. ऊस पिकलाच आहे, साखर निघालीच आहे, उरलेल्या मळीचे इंधन होत असेल तर जरूर व्हावे. आमचा विरोध आहे तो रसापासून थेट इंधन गाळण्याला आणि त्यासाठी आसवन्यांची क्षमता फुगवण्याला. कर्ज काढून उभारलेली आसवनी रिकामी ठेवता येत नाही. तिला कच्चा माल हवा, म्हणजे ऊस हवा, म्हणजे पाणी हवे. आज देशाच्या इथेनॉलमधला मोठा वाटा मका आणि तांदळाकडे गेला आहे, त्यामुळे साखर कारखानदार अस्वस्थ आहेत. त्यांची मागणी काय? मिश्रण वीसवरून सत्तावीस, तीस टक्क्यांवर न्या! पंप वाढला म्हणून विहिरीत पाणी वाढत नाही, हे शेतकऱ्याच्या पोराला कळते. धोरण आखणाऱ्यांना कळत नाही असे आम्ही मानत नाही. त्यांना कळते, आणि तरीही ते करतात. गुन्हा तो हाच.

आणि पाणी नुसते खर्ची पडत नाही, ते नासतेही. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढले की आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश उरतो. तो काळा, उग्र वासाचा, नदीतला प्राणवायू शोषून घेणारा. त्याची पुरती विल्हेवाट लावणे कायद्याने बंधनकारक आहे. पण ज्या भीमेत पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी आधीच उजनीपर्यंत येऊन साचते, तिच्या खोऱ्यात आसवन्यांची भर घालताना नदीचा विचार झाला, असे छातीठोकपणे सांगणारा अधिकारी आम्हाला दाखवा.

गाडीवाल्याचेही नीट ऐका. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने कमी. जुन्या बनावटीच्या चारचाकींचे मायलेज सहा-सात टक्क्यांनी आणि दुचाकींचे तीन-चार टक्क्यांनी घटेल, हेही निती आयोगानेच लिहून ठेवले. म्हणून मिश्रित पेट्रोल ग्राहकाला स्वस्त द्यावे, अशीही शिफारस केली. ती शिफारस कोणी गिळली? पंपावर दर कमी झाला नाही आणि बिनमिश्रणाचे साधे पेट्रोल निवडण्याची सोयही उरली नाही. पाणी सोलापूरचे गेले, मायलेज गाडीवाल्याचे गेले, आणि पर्यावरणाचे श्रेय दिल्लीने घेतले.

मग विजेवरची गाडी निर्दोष आहे काय? तिलाही तेच माप लावा. शहराजवळच फताटेवाडीला एनटीपीसीचा १,३२० मेगावॅटचा प्रकल्प दगडी कोळसा जाळतो आणि त्यालाही पाणी उजनीचेच लागते. कोळशाच्या विजेवर बस चालवून तिला स्वच्छ म्हणणे हीसुद्धा फसवणूकच. पण सोलापूरला सूर्य कमी नाही. ढोबळ हिशेब मांडा. हेक्टरी ८० टन ऊस, टनाला ७० लिटर इथेनॉल, म्हणजे वर्षाला ५,६०० लिटर, ऊर्जेत सुमारे ३३ हजार युनिट. तेवढ्याच जमिनीवर सौर पॅनेल बसवले तर वर्षाला त्याच्या वीसपट वीज मिळते, पाटाच्या पाण्याची पाळी न मागता. बरड, मुरमाड माळ या जिल्ह्यात कमी आहे काय? पीएम ई-बस योजनेत सोलापूरचे नाव आहे. ती बस उन्हाच्या विजेवर धावली तरच तिला स्वच्छ म्हणू.

आणि इंधन शेतातूनच हवे असेल तर मोहोळ-मंगळवेढ्याच्या शिवाराकडे पाहा. देशाला मालदांडी ज्वारी दिली ती मोहोळने. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले. काळ्या जमिनीतल्या ओलीवर पिकणारे हे पीक या मातीने घडवले आहे. शेजारच्या फलटणला निंबकर संशोधन संस्थेने कित्येक दशकांपूर्वी ताटातल्या रसापासून इथेनॉल देऊ शकणाऱ्या गोड ज्वारीवर काम केले, ‘मधुरा’ नावाचे वाण काढले. चार महिन्यांत येणारे पीक, वर दाणा, खाली रस, आणि उसाच्या मानाने पाणी अगदी थोडे. या संशोधनाला उसाइतका राजाश्रय मिळाला असता तर आज चित्र वेगळे असते. तो मिळाला नाही, कारण ज्वारीच्या ताटातून कोणाचा मतदारसंघ बांधला जात नाही!

शेतकऱ्याला आम्ही दोष देत नाही. उसाला कायद्याने ठरलेला दर आहे, खरेदीदार दारात येतो, बिल चौदा दिवसांत देण्याचे कायदेशीर बंधन आहे. तुरीला, हरभऱ्याला, ज्वारीला यातले काय आहे? ज्या पिकाला हमी, तेच पीक तो लावणार. हमी बदला, पीक बदलेल. २०१७ साली राज्य मंत्रिमंडळाने उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला. तो निर्णय अमलात आणण्याची हिंमत एकाही सरकारला झाली नाही. आजही उजनीच्या कालव्यावर पाणी मोकाट वाहते आहे.

म्हणून आमच्या मागण्या ऐका. भीमा खोऱ्यात रस आणि पाकापासूनचे इथेनॉल खरेदी करणे तेल कंपन्यांनी थांबवावे. खरेदी सी-हेवी मळीपुरती असावी. या जिल्ह्यात नवा कारखाना, नवी आसवनी, गाळपक्षमतेची वाढ, काहीही मंजूर करू नये. ठिबकाचा निर्णय कागदावरून शेतात उतरवावा आणि त्याचा खर्च इथेनॉलच्या नफ्यातून उचलावा. ज्वारी, तूर, हरभऱ्याला उसासारखी खरेदीची हमी द्यावी. आणि प्रत्येक कारखान्याने किती लिटर इथेनॉल गाळले व त्यामागे किती पाणी गेले, हे दरवर्षी जाहीर करावे.

हे सरकार आपणहून करणार नाही. सोलापूरच्या सहकारी कारखान्यांच्या सभासदांनो, ही गोष्ट तुमच्या हातात आहे. संचालक मंडळ तुमच्या मतांवर बसते. वार्षिक सभेत इथेनॉलच्या नफ्याचा आकडा वाचला जाईल आणि ‘मंजूर, मंजूर’चा गजर होईल, तेव्हा उभे राहा. नफ्याच्या रकान्याशेजारी पाण्याचा रकाना मागा. गावातली विहीर कधी आटली, बोअर किती फुटांवर गेली, टँकर कधीपासून सुरू झाला, हे त्या सभेत मोठ्याने सांगा. आणि पाण्याचा हिशेब समोर येईपर्यंत अहवालाला मंजुरी देऊ नका.