पोटातलं डोकं
हैदराबादेतल्या चिक्कडपल्लीच्या ग्रंथालयातून परवा चिडचिडत बाहेर पडलो, कोपऱ्यावर दोन इडल्या खाल्ल्या आणि सगळ्या जगाला माफ केलं. मूडशी नातं असलेलं रसायन म्हणजे सेरोटोनिन; शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात तयार होतं. ते मेंदूत शिरत नाही, पण पोट आणि डोकं व्हेगस नावाच्या मज्जातंतूवरून सतत बोलत असतात, आणि आतड्यातले जिवाणूही त्यात तोंड घालतात. पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समध्ये योगेश शौचे यांनी भारतीयांच्या आतड्यांतल्या जिवाणूंवर वर्षानुवर्षं काम केलं. ‘पोटात गोळा आला’ म्हणणारी आपली भाषा मात्र या संशोधनाच्याही आधीची! इडलीतले जिवाणू बिचारे वाफेतच मरतात (हे बायकोनं ऐकवलं), म्हणून आता मी वर ताक पितो. बाटलीतलं महागडं प्रोबायोटिक हा निव्वळ भपका आहे. घरी विरजण लावा.