दीडशे अक्षरांचं दुकान

मार्च उजाडला की इन्स्टाग्रामवर आंब्याची दुकानं उघडतात. ओळीने दहा-वीस खाती चाळली तर विक्रेते वेगळे आणि ओळख एकच, असा प्रकार दिसतो. ‘प्रीमियम क्वालिटी’, ‘शंभर टक्के ऑरगॅनिक’, ‘परंपरा आणि विश्वास’, मध्ये दोन आंब्यांची चित्रं, एक बदाम आणि शेवटी ‘दरासाठी डीएम करा’. बाग देवगडला आहे की पावसला, पेटी किती डझनांची, माल नाशिकला पोचेल की नाही, याचा पत्ता नाही. ज्या गिऱ्हाइकाला नेमकं हेच विचारायचं होतं, ते तोवर पुढच्या खात्यावर गेलेलं असतं.

खात्याच्या नावाखालचा हा चार ओळींचा मजकूर, ज्याला सगळे बायो म्हणतात, ही आजच्या दुकानाची पाटी आहे. इन्स्टाग्राम तिला १५० अक्षरं देतं, एक्स १६०. व्हॉट्सॲप बिझनेसवर वर्णनासाठी ५१२ मिळतात, गूगलवरच्या व्यवसायाच्या नोंदीत ७५०. देवनागरीत ही जागा आणखी आक्रसते. ‘कोल्हापुरी’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो. संगणक त्यातला काना, उकार, वेलांटी, पाय मोडल्याची खूण असं सगळं सुटं मोजतो आणि दहा म्हणतो. एवढ्याशा जागेत काय मावणार, म्हणून बहुतेक जण एखादं घोषवाक्य टाकून मोकळे होतात. जागा कमी असताना सगळ्यात महाग पडतं ते घोषवाक्यच.

अमूलला ‘द टेस्ट ऑफ इंडिया’ एवढंच लिहून भागतं, कारण अमूल काय विकतं हे सांगायची गरज उरलेली नाही. चाकणला घरच्या घरी लोणची घालणाऱ्या बाईंना ती चैन परवडणारी नाही. पण सोशल मीडिया सांभाळून देणारी मंडळी त्यांनाही ‘अ जर्नी ऑफ टेस्ट’ लिहून देतात आणि बाई त्याचे पैसे मोजतात.

मग लिहायचं काय? आंबेवाल्याचंच उदाहरण घेऊ. ‘देवगड हापूस, स्वतःच्या बागेतला. ५ डझनांची पेटी. एप्रिल-मे. पुणे, मुंबईला घरपोच. मागणी व्हॉट्सॲपवर.’ विरामचिन्हं आणि मोकळ्या जागा धरूनही हा मजकूर शंभराच्या आत बसतो. त्यात एकही विशेषण नाही. माल कोणता, कुठला, किती, कधी, कुठवर पोचणार आणि मागवायचा कसा, हे सगळं मात्र आहे. उरलेल्या पन्नास अक्षरांत दर घातला तर आणखी उत्तम. ‘दरासाठी डीएम करा’ ही ओळ लिहिणाऱ्याला वाटतं, या निमित्ताने गिऱ्हाईक बोलायला येईल. गिऱ्हाईक मात्र उलटं समजतं: माणूस बघून भाव सांगणार दिसतोय.

विशेषणापेक्षा पडताळून पाहता येणारी माहिती भारी ठरते, आणि मराठी व्यावसायिकांकडे अशा माहितीचा तुटवडा नाही. कोकणच्या हापूसला ऑक्टोबर २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळालं. त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे पाच जिल्हे येतात. बागायतदाराने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केली असेल तर ती बायोत यायलाच हवी. देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात प्रत्येक फळावर स्वतंत्र क्रमांकाचं स्टिकर लावायची पद्धत आणली. ‘प्रत्येक फळावर क्रमांकाचं स्टिकर’ या चार शब्दांपुढे ‘अस्सल’, ‘ऑथेंटिक’ आणि ‘नंबर १’ तिन्ही फिके आहेत. ज्यांची नोंदणीच नाही, त्यांनी मात्र हौसेने ‘जीआय प्रमाणित’ लिहू नये. खोटी भौगोलिक ओळख लावणाऱ्याला १९९९ च्या कायद्याने ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. तिथे ‘मजकूर एजन्सीने लिहिला होता’ हा बचाव कितपत चालेल, याचा विचार ज्याने त्याने करावा.

फराळ, मसाले, डबे विकणाऱ्यांसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक हे तसंच नाणं आहे. तो कुणालाही सरकारी संकेतस्थळावर तपासता येतो. ‘होममेड विथ लव्ह’मधलं लव्ह तपासायची सोय अजून निघालेली नाही.

गावाचं नाव गाळण्याचा रोग तर फारच पसरलेला आहे. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरी वहाणांसारख्या चपला मांडल्या. वर्णनात नुसतं ‘लेदर सँडल्स’. कोल्हापूरचा उल्लेख नाही. महाराष्ट्रात संताप उसळला, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र लिहिलं, तेव्हा कंपनीने या कारागिरीपासून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं. संताप योग्यच होता. पण आपल्याच विक्रेत्यांची खाती उघडली तर तिथेही ‘एथनिक फूटवेअर’, ‘हँडक्राफ्टेड विथ पॅशन’ असं लिहिलेलं सापडतं. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांना या चपलेचं मानांकन आहे. जे नाव एका इटालियन कंपनीने लिहावं म्हणून आपण भांडलो, ते स्वतःच्या बायोत लिहायला का कचरावं?

यात भावनेपेक्षा व्यवहार जास्त आहे. आपल्याकडे शोध कसा चालतो हे इन्स्टाग्रामने २०२१ मध्ये स्वतःच समजावून सांगितलं होतं. खात्याचं नाव विषयाशी जुळतं ठेवा, बायोत नेमके शब्द आणि ठिकाण घाला, असा त्यांचा सल्ला होता. म्हणजे सांगलीतली हळद शोधणाऱ्याला ‘गोल्डन रूट्स’ या नावाचं खातं सापडण्याची शक्यता कमीच; नावाच्या रकान्यात ‘हळद, सांगली’ असेल तर ती वाढते. अनेक मराठी माणसं शोधताना रोमन लिपीत टाइप करतात, हेही खरं. त्यावर उपाय सोपा आहे: हँडल रोमन लिपीत असतंच, नावाचा रकाना आणि बायो मराठीत ठेवावा.

मराठीचा मुद्दा आला की लगेच अस्मितेचा वाद सुरू होतो. दुकानाच्या पाटीवर मराठी देवनागरी मजकूर सक्तीचा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली आणि पाट्या बदलल्या. फोनमधल्या पाटीवर कुठलीच सक्ती नाही, म्हणून ती इंग्रजीतच राहिली. सक्ती करावी असंही नाही. पण लातूर-परभणीतल्या गिऱ्हाइकाला साडी विकायची आणि ओळख ‘कन्टेम्पररी ड्रेप्स फॉर द मॉडर्न म्यूझ’ अशी द्यायची, हा निव्वळ तोट्याचा सौदा आहे.

शेवटचा प्रश्न चोरांचा. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने यात्रेकरू आणि पर्यटकांना इशारा दिला होता: बनावट संकेतस्थळं, समाजमाध्यमांवरची खोटी पानं आणि व्हॉट्सॲप खाती यांतून बुकिंगचे पैसे लुबाडले जात आहेत. कोकणातल्या होमस्टेवाल्यांनी यातून धडा घ्यायला हवा. ‘आमची कोठेही शाखा नाही’ या पुणेरी पाटीची थट्टा खूप झाली, पण नकली दुकानापासून गिऱ्हाइकाला सावध करण्याचं काम ती चोख करत असे. ‘बुकिंग फक्त याच क्रमांकावर, दुसरं खातं नाही’ हे वाक्य बायोत हवं आणि तोच क्रमांक गूगलच्या नोंदीतही हवा. एप्रिल २०२३ पासून इन्स्टाग्राम बायोमध्ये पाच लिंक देता येतात. त्यातली एक व्हॉट्सॲपची आणि एक नकाशाची, एवढ्याने बहुतेकांचं काम होतं.

आणि बायो एकदा लिहून विसरायची गोष्ट नाही. हापूसचा हंगाम जूनमध्ये आटोपतो. ऑगस्टमध्येही ‘बुकिंग सुरू आहे’ म्हणणारी खाती ढिगाने सापडतात. ती ओळ बदलायला दोन मिनिटं लागतात आणि पैसे अजिबात लागत नाहीत.